कापडी बूट

वसुमतीने लेकीचे, वृंदाचे, दोन्ही पाय पाण्याच्या बादलीत बुडवले, तिला काखेत धरून उचललं आणि कोरड्या लाल फरशीवर उभं केलं.

"चाल. आजीकडे चाल बघू."

अडीच वर्षांची वृंदा हसत चार पावलं चालली आणि खांबाला धरून उभी राहिली. वसुमती वाकून ओले ठसे बघू लागली. डावा ठसा टाचेपासून बोटांपर्यंत भरलेला होता. उजव्याची नुसती बाहेरची कड उमटली होती, टाच नव्हतीच. सकाळपासूनची ही तिसरी खेप. पहिल्या दोन वेळा तिने स्वतःची समजूत घातली होती, पोर घाईत चालली म्हणून. आता तशी समजूत घालायलाही जागा उरली नव्हती.

"पाय परत वळतोय," ती म्हणाली.

तिचा नवरा बिंदुमाधव दाराशी पेपर वाचत बसला होता. "असा कसा वळेल? मे महिन्यात डॉक्टरांनी बघितला तेव्हा ठीक होता."

"मे महिन्याला चार महिने झाले."

तो उठून आला. त्याने वृंदाची टाच तळव्यात धरून दाबून बघितली, पुन्हा दाबली, आणि जागेवर जाऊन बसला. पेपर मात्र त्याने परत उघडला नाही.

दहा वाजले होते. अकराला मंडळी येणार होती.

वृंदा जन्मली तेव्हा तिचा उजवा पाय आत मुडपलेला होता, तळवा आकाशाकडे. ऑपरेशनशिवाय इलाज नाही, असं दोन ठिकाणी सांगून झालं. मग दंडू म्हणजे छावणी भागातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी सुरीला हात न लावता दर आठवड्याला पाय थोडाथोडा वळवून प्लास्टर घातलं. आठ महिन्यांनी पाऊल सरळ झालं. त्या आनंदातच वसुमतीने अशी मुलं असलेली घरं शोधायला सुरुवात केली, आणि बघता बघता 'सरळ पाऊल मंडळी' उभी राहिली. कचेरी नाही, पाटी नाही. दर रविवारी चामराजपेटेतल्या तिच्या घराच्या सोप्यावर आया जमायच्या. प्लास्टरातल्या पोराला आंघोळ कशी घालायची हे शिकायच्या, एकमेकींना धीर द्यायच्या. नवी आई आली की आधी वृंदाचा पाय तिच्या हातात द्यायचा, ही इथली रीत. तासभर बोलून जे होत नसे, ते तेवढ्याने होई.

प्लास्टर सुटलं तरी पाय परत वळू नये म्हणून मूल चार वर्षांचं होईपर्यंत झोपताना बूट घालायचे असत, लोखंडी पट्टीला जोडलेले. हे बूट कातड्याचे. घोडं अडलं ते इथे. वृंदा आजीजवळ झोपायची आणि आजीचं, म्हणजे वसुमतीच्या सासू पद्मावतीबाईंचं, सोवळं कडक. कातडं अंथरुणात घेऊन पहाटे देवघरात जायचं कसं? त्या तोंडाने काही बोलल्या नाहीत. फक्त नातीला जवळ घेणं त्यांनी बंद केलं.

वसुमतीला ते बघवेना. संक्रांतीच्या सुमारास तिने जाड खाकी कापडाचे तीन पदर घेऊन मशीनवर बूट शिवले, नाडीने पट्टीला बांधले. त्या रात्रीपासून वृंदा परत आजीच्या कुशीत गेली. दुसऱ्या दिवशी पद्मावतीबाई शेजारणीला म्हणाल्या, "आमची वसू हुशार हो." लग्नाला सात वर्षं झाली होती आणि हे ती पहिल्यांदा ऐकत होती. कुणाला बरं वाटणार नाही? सोवळ्याची अडचण इतर घरांतही होतीच. सहा जणी तिच्याकडून बुटाच्या मापाचा कागद कापून घेऊन गेल्या. डॉक्टरांकडे जायच्या दिवशी तेवढे कातड्याचे घाला, उगाच रागावतील, हेही तिनेच सांगितलं होतं.

काल दुपारी तिने घट्ट बांधलेल्या बुटात बोट घालून बघितलं. बोट टाचेखाली सरळ आत गेलं. कापड ताणलं होतं, आणि टाच आतल्या आत वर सरकून बसली होती.

"आज कुणाला काही बोलू नकोस," बिंदुमाधव म्हणाला. "उद्या डॉक्टरांना दाखवू. ते काय म्हणतात ते बघून मग सांग."

"आणि आज सहा पोरं तेच बूट घालून झोपतील."

"एका रात्रीनं काय होतंय?"

"चार महिने एकेका रात्रीनंच झाले ना?"

पद्मावतीबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभ्या होत्या. "मी एका शब्दानं काही बोलले नव्हते, वसू."

"नाही बोललात," वसुमती म्हणाली. तिने बादली उचलली आणि मोरीत नेऊन रिकामी केली.

अकराच्या आतच आया येऊ लागल्या. अहल्या नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आली आणि सरळ आत जाऊन कॉफीचं बघू लागली. बुटाचा कागद नेलेल्या सहा जणींपैकी ती एक. तिचा तीन वर्षांचा नरसिंह जूनपासून धारवाडला आजोळी होता, तरी तिचा एक रविवार चुकत नसे. शेवटी एक नवी बाई आली. कुशीत महिन्याची मुलगी, दोन्ही पाय वळलेले. नाव गंगव्वा, माहेर बेळगावकडचं, नवरा यशवंतपूरच्या रेल्वे यार्डात.

"मालकांनी मंगळवारची तारीख घेतली हाय, ऑपरेशनची," ती वसुमतीला म्हणाली. "शेजारीण म्हणाली, तिथं बरा झालेला पाय बघायला मिळतो. म्हणून आले. तेवढा बघून जाते, अक्का."

सगळ्या वृंदाकडे बघू लागल्या. बिंदुमाधव दारातून वसुमतीकडे बघत होता. खरं सांगावं तर ही बाई मंगळवारी मुलीला सुरीखाली देणार. न सांगावं तर सहा पोरांचे पाय रोज थोडे आणखी वळणार. काल दुपारपासून तिच्या डोक्यात सांगावं की थांबावं एवढंच फिरत होतं, आणि आता विचार करायलाही वेळ नव्हता.

तिने वृंदाला पुढे घेतलं आणि तिचा पाय गंगव्वाच्या हातात दिला.

"हा सरळ झाला होता," ती म्हणाली. "आता परत वळतोय. टाच बघा, वर चढलीय."

आणि मग तिने सगळं सांगितलं. कापडी बूट, ताणलेलं कापड, टाचेखाली गेलेलं बोट, डॉक्टरांपासून लपवलेलं. "माझं चुकलं. माझं ऐकून तुम्ही सगळ्यांनी केलंत. ते बूट आजच काढून टाका आणि उद्या मुलांना घेऊन माझ्याबरोबर चला."

एकीने मांडीवरच्या मुलाचा मोजा काढून त्याची टाच दाबून बघितली. मग दुसरीने तेच केलं. वसुमती मान खाली घालून कुणीतरी रागावण्याची वाट बघत राहिली.

अहल्येने हातातला पेला खाली ठेवला.

"नरसिंह धारवाडला नाही, अक्का. घरीच आहे. जूनमध्ये त्याच्या पायाचं ऑपरेशन केलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?" वसुमतीने विचारलं.

"काय सांगू? वृंदाचा सरळ, सगळ्यांचे सरळ, आमच्या एकट्याचाच वळला. घरचे म्हणाले, तुला धड नाडी बांधता येत नाही. मलाही तसंच वाटलं."

गंगव्वाने हळूच विचारलं, "आता टेकतो का पाय?"

"टेकतो. पण घोटा ताठ झालाय. मांडी घालून बसवत नाही त्याला."

गंगव्वाने मांडीवरच्या मुलीकडे बघितलं. मग तिने मुलीचे दोन्ही पाय पदराखाली घेतले. "कातड्याचे बूट कुठं करून मिळतात?" तिने शेजारी बसलेल्या बाईला विचारलं. ती बाई तिला पत्ता सांगू लागली.

अहल्या वृंदाजवळ येऊन बसली. तिने तिची टाच अंगठ्याने चाचपली. "अजून मऊ आहे. येईल सरळ. उद्याच न्या," ती म्हणाली. वसुमतीला तिच्याकडे बघता येईना. या बाईने आपल्याला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"अक्का," अहल्या म्हणाली, "मी नाडीची गाठ मारायचे ती तुम्ही बघितली होती ना? इथंच बांधून दाखवली होती मी."

"बघितली होती."

"बरोबर होती ना?"

वसुमतीने मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"बरोबर होती," ती म्हणाली. "गाठ बरोबरच होती, अहल्या."