तोंडातल्या टाचण्या

“अगं, जरा येतेस का?”

आतल्या खोलीतून आलेली ती हाक तिच्या कानात अजून तशीच होती. ना चढलेली, ना घाबरलेली. चष्मा सापडेनासा झाला की नवरा अशीच हाक मारायचा. ती तेव्हा बाहेरच्या खोलीत एका झग्याचा घेर टाचत होती. ओठांत टाचण्यांची रांग. उभा जन्म शिवणकामात गेलेला, तोंड हीच तिची टाचण्यांची डबी. ओठ न उघडता तिनं नुसतं “हंऽऽ” केलं, घेर पुरा केला, मग उठली. तोवर सगळं आटोपलं होतं; तो गेला होता.

“मशीन चालू होतं गं, ऐकूच आलं नाही,” असं तिनं लेकीला सांगितलं. लेकीनं ते खरं मानलं, आल्यागेल्यालाही तेच सांगितलं. जो तो म्हणे, यात तुमचा काय दोष! दर वेळी तिचे ओठ आणखी घट्ट मिटत. सात महिने तो झगा तसाच पडून राहिला. ती रडलीसुद्धा नाही.

शेवटी लेकीनंच तिला वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये योगाला नेलं.

“माझे गुडघे कुरकुरतात.”

“कुरकुरू देत. तुझ्यापेक्षा बरे, बोलतात तरी!”

शिकवायला एक निवृत्त परिचारिका होती. सगळे तिला सिस्टरच म्हणत. तिच्याकडे घाई नव्हती, सक्ती नव्हती. खुर्चीत बसून हात हळूच वर, हळूच खाली. मग सतरंजीवर पाठ टेकून पाय भिंतीला लावून पडून राहायचं.

“मावशी, खांदे खाली. कानाला टांगायला ते काय डूल आहेत?” हॉल हसला. “आणि श्वास सोडा बघू. कापड आहे का ते, घडी घालून ठेवायला?”

पंधरवड्यात खांदे उतरले. पहाटेपर्यंत झोप लागू लागली. ओठ मात्र मिटलेलेच.

एका सकाळी सिस्टर म्हणाली, “आज भ्रामरी. डोळे मिटा, ओठ मिटा आणि श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणा.”

“हे तुला जमेल,” लेक कुजबुजली. “तोंड उघडायचंच नाही.”

तिनं श्वास भरून घेतला आणि सोडला. “हंऽऽ…”

छातीतून, गळ्यातून, मिटल्या ओठांमागून तोच हुंकार आला. जिभेवर टाचण्यांची लोखंडी चव आली. हुंकार लांबला, थरथरला, आणि ओठ आपोआप उघडले. सात महिन्यांचं रडू एकदम बाहेर पडलं.

सिस्टरनं एक उशी आणून तिच्या मांडीवर ठेवली आणि बाकीच्यांना खुणेनंच गुणगुणत राहायला सांगितलं. त्या गुंजारवात लेक तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

“रड आई, पोटभर रड. पण स्वतःला दोष देऊ नकोस. तुला ऐकूच आलं नव्हतं.”

इथं पुन्हा ओठ मिटून घेणं किती सोपं होतं. तिनं एक श्वास घेतला. सावकाश सोडला.

“आलं होतं,” ती म्हणाली. “मशीन बंद होतं गं. तोंडात टाचण्या होत्या. ‘आले’ एवढंसुद्धा म्हटलं नाही मी त्यांना. नुसतं हं केलं… आणि घेर पुरा करत बसले.”