सुषमाचा रंग

"ही माजी सुषमा न्हाई, भाऊ." चिमाबाईनं फोटो टेबलावर परत ठेवला. "लय गोरी झालीया. मगाशी काचंवर दिसली, ती माजी व्हती."

हौशीरामनं कागद खिडकीच्या उजेडात धरला. कॉम्प्युटरवरची सावळी मुलगी प्रिंटरमधून बाहेर येताना गुलाबी झाली होती.

लोणावळ्याच्या बाजारातला स्टुडिओ बंद केल्यापासून तो वलवणला घरीच फोटो छापायचा. सुषमाचं लग्न ठरलं तेव्हा हा फोटो त्यानंच काढला होता. मायलेकी डोंगरावरच्या वाडीतून लोणावळ्यापर्यंत चालत आल्या होत्या. स्टुडिओतल्या आरशासमोर सुषमा अबोलीचा गजरा पुन्हा पुन्हा माळत होती आणि चिमाबाई बाकावर बसून हसत होती. लग्नाआधीच सुषमा तापानं गेली. यंदा चिमाबाईच्या घरातल्या फोटोला ओल लागली आणि चेहराच पुसला गेला. निगेटिव्ह तेवढी हौशीरामकडे शाबूत होती; तीच स्कॅन करून त्यानं कॉम्प्युटरवर घेतली होती.

पूर्वी रंग चुकला की तो अंधाऱ्या खोलीत शिरायचा, फिल्टर बदलायचा, पुन्हा छापायचा. रसायनाचा वास जेवतानाही बोटांना यायचा. आता कागदामागून कागद वाया गेले. चेहरा कधी गुलाबी, कधी हिरवट.

रविवारी त्याची मुलगी सारिका पुण्याहून आली. तिनं मोबाइलवर रंग मोजायची दोन यंत्रं दाखवली.

"बाबा, हे नुसते स्क्रीनचे रंग तपासतं. हे दुसरं छापलेला कागदही तपासतं, पण महाग आहे."

"स्क्रीनवरची चिमाबाईला पटलीय. चुकतोय तो कागद."

"एका फोटोसाठी एवढं घ्यायचं?"

"तिच्याकडं दुसरा फोटोच नाही गं."

सारिकानं मोबाइल पुन्हा हातात घेतला. तिनं दुसरं यंत्र मागवलं.

यंत्र आल्यावर दोघांनी रंगीत चौकोनांचा एक कागद छापला, वाळू दिला. हौशीरामनं एकेका ओळीवरून यंत्र सावकाश फिरवलं. त्या मापांवरून सारिकानं प्रिंटरचे रंग जुळवून घेतले.

चिमाबाई आली तेव्हा नवा फोटो टेबलावर होता. ती त्यावर वाकली. मग तिनं हात पदराला पुसला आणि फोटोतल्या सुषमाच्या गालाशेजारी टेकवला. हात आता सुरकुतला होता. रंग तोच होता.

"व्हय," ती म्हणाली.

हौशीराम फोटोसाठी पाकीट आणायला म्हणून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.