सात नंबरचा चिखल

जावयानं सासूशी खोटं बोलावं, याचं मला काही वाटत नाही. बोलतातच. पण लोकांचे डाग काढून काढून जिच्या बोटांची सालं निघाली, तिला खोटा चिखल आणून दाखवावा? हे म्हणजे सोनाराला पितळ विकायला जाण्यासारखं झालं. आमच्या जावयांनी हे लागोपाठ चार रविवार केलं, आणि वर मलाच विचारलं, की आज जरा जास्तच मळला ना?

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी उगाच तोंड टाकते.

माझी लॉन्ड्री आहे. खाली दुकान, मागे मशिनी आणि वाळवायची खोली, वर आम्ही राहतो. शाळेत मी चौथीपर्यंत गेले, तीही रडत. पण कॉलर बघून माणूस सांगते. लेक आणि जावई आमच्याकडेच असतात. घरजावई म्हटलेलं त्यांना आवडत नाही, म्हणून मी फक्त पाहुण्यांसमोर म्हणते. दुकानाची गाडी तेच चालवतात, कपडे वेळेवर पोचवतात, माणूस वाईट नाही. खोड एकच, काहीतरी सुरू करायचं. आधी मासे पाळले. मग बासरी झाली. मग गच्चीवर व्यायामशाळा, तिच्या वजनांवर आता मी लोणच्याची बरणी दाबून ठेवते. कशानंच वर्ष काढलं नाही. त्यामुळे फुटबॉलचा क्लब काढतो म्हणाले तेव्हा मी एवढंच विचारलं, किती महिने?

क्लबची पहिली सभा माझ्या वाळवायच्या खोलीत भरली, कारण तिथे ऊब असते. चादरींच्या गाठोड्यांवर नऊ जण बसले होते. नळवाला, न्हावी, दातांचा डॉक्टर, वखारीतले दोघं, आणखी असेच. वयं बघाल तर कुणाचे केस जात होते, कुणाचं पोट येत होतं. मैदान म्हणून बंद पडलेल्या वीटभट्टीमागची जागा ठरली. ती एका अंगाला इतकी उतरती, की बॉल ठेवला तर आपला आपण चालू लागायचा. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. यांचं तर दोन्ही खरं होतं.

कपडे मात्र मी दिले. एक हॉटेल बुडालं होतं आणि त्यांच्या वेटरांचे वीस पांढरे शर्ट वर्षभर माझ्या फळीवर पडून होते. कपडे नाही नेले की त्यांचं काय करायचं, हा धोब्याला कायमचा प्रश्न असतो. मी पाठीवर पक्क्या शाईनं आकडे घातले. जावयांनी सात नंबर मागून घेतला. देताना मी सगळ्यांना ऐकवलं, की शर्ट मळून आला पाहिजे. ज्याचा स्वच्छ येईल त्याला पुढच्या रविवारी शर्ट नाही. फुकटचं मिरवणं मला चालत नाही.

पहिल्या मॅचमध्ये नऊ गोल झाले, सगळे यांच्यावर. त्या कॉलरवाल्या शर्टांमुळे समोरच्या संघातल्या एकानं मैदानाच्या मधून हाक मारली, की दोन चहा आणा, एक बिनसाखरेचा. तेव्हापासून संघाचं नाव पडलं, वेटर. लेकीनं येऊन सांगितलं तेव्हा हसून हसून माझ्या पोटात दुखलं. जावई दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते दोन दिवस बरे गेले.

मी स्वतः कधी मॅचला गेले नाही. पण रविवारी दुपारी शर्ट आणि गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्यांचं गाठोडं टेबलावर यायचं आणि मला नवीनच नाद लागला. नियम काय, बॉल कुणी मारायचा, काही कळत नव्हतं. डाग मात्र कळायचे. एक नंबर, म्हणजे गोलकीपर नळवाला, त्याचे कोपर आणि एक कुशी मळायची. म्हणजे गडी आडवा पडतो, आणि पडतो नेहमी एकाच बाजूला. मी त्याला दुकानात म्हटलं, तू उजवीकडे पडायला घाबरतोस का रे? महिन्याभरानं दोन्ही कुशी मळू लागल्या. डॉक्टरच्या शर्टाला चिखल कमी, घाम फार. म्हणजे पळतो खूप, भिडत नाही. न्हाव्याची उजवी मांडी गवतानं हिरवी. गवताचा डाग गरम पाण्यात घातला की जन्माचा बसतो, म्हणून आधी थंड पाण्यात. आणि सात नंबर? त्याचा चिखल पाठीवर. दर रविवारी पाठीवर. कुणीही यावं आणि जावयांना आडवं करून जावं.

असं वर्ष गेलं, दुसरं गेलं. मला वाटलं होतं माशांसारखं हेही संपेल, पण नाही. भट्टीमागचे दगड वेचले गेले, उतारावर माती पडली. दुसऱ्या वर्षी चौथ्या दर्जाच्या लीगमध्ये नाव लागलं. शेवटून पहिले आले, मग शेवटून चौथे, मग मधे कुठेतरी. यांनी गोल केला की बघणारे ओरडायचे, बिल आणा.

लीगमधला तिसरा हंगाम संपत आला आणि नळवाला माझ्या दुकानाच्या फळीवर कोपर टेकून उभा राहिला. पुढच्या हंगामाचा कागद लीगकडे मंगळवारपर्यंत पोचला पाहिजे, म्हणाला. त्यावर क्लब काढणाऱ्याचीच सही लागते. नाही पोचला तर नाव कटणार, परत घ्यायचं की नाही ते लीग बघणार. आणि जावई सही करत नव्हते. विचारलं की म्हणायचे, बघतो. बघतो म्हणजे नाही, हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. मी नळवाल्याला विचारलं, झालंय काय? त्यानं मान खाली घातली आणि आमच्या नळाची चौकशी केली. नळ ठीक होता.

त्याआधीपासूनच मला सात नंबरचा चिखल खटकायला लागला होता. पाठ कोरी आणि छातीवर, गुडघ्यांवर चिखल. माणसाची पडायची तऱ्हा एका रात्रीत बदलत नाही. शिवाय घसरून पडला की माती धाग्यात शिरते आणि बरोबर गवत ओढून नेते. हा चिखल नुसता वर बसलेला, हिरवा ठिपका नाही. खिडकीपाशी धरला तर चार बोटांचे फराटे दिसले. काखेला नाक लावलं तर साबणाचा वास, माझ्याच साबणाचा. दुसऱ्या रविवारी तसंच, तिसऱ्याही. चोरी कळली होती, पण कशासाठी ते कळेना, आणि मला न कळलेलं घरात फार दिवस ठेवता येत नाही.

चौथ्या रविवारी लेकीला सांगितलं, गुडघा मोकळा करून येते. आणि भट्टीच्या भिंतीआड जाऊन उभी राहिले.

जावई बाकावर होते. अंगात सात नंबर, शुभ्र. त्यांच्या जागी वखारीतला धाकटा खेळत होता, हरणासारखा. मध्यंतरात सगळे पाणी प्यायला गेले तेव्हा आमचे साहेब मागच्या नळावर आले, ओंजळभर माती भिजवली, आणि पावडर लावणाऱ्या नवरीच्या नाजूकपणानं छातीवर, गुडघ्यांवर फासली. मी हसायला तोंड उघडलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मिटलं.

खरं तर तिथूनच परतायचं. पण म्हटलं आलेच आहे तर बघू हे काय असतं. आणि बघितलं ते असं, की हा माणूस बाकावर बसतच नव्हता. कडेकडेनं चालत होता, हातानं याला पुढे, त्याला मागे. न्हाव्याला त्यानं डावीकडे सरकवलं, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला, न्हाव्याचा हिरवा डाग महिन्याभरापासून डाव्या मांडीवर का येतोय. बॉल बरोबर तिथेच आला. न्हाव्यानं तो मधे दिला, वखारवाल्यानं गोल केला, लोक ओरडले, बिल आणा. जावई एकटेच ओरडले नाहीत. ते पुढचं बघत होते.

दुपारी गाठोडं टेबलावर आलं. मी सात नंबर वर काढून ठेवला आणि म्हटलं, भट्टीच्या नळाला पाणी बरं येतं हो. ते उभे होते ते बसले. मग एकेक बाहेर आलं. महिन्यापूर्वी माझ्याच वाळवायच्या खोलीत सभा झाली होती आणि यांना संघाबाहेर बसवायचं म्हणून हात वर झाले होते. पहिला हात नळवाल्याचा. घरी कुठल्या तोंडानं सांगणार?

"मी एकेकाच्या दारात जाऊन ही माणसं गोळा केली, आई," ते म्हणाले. "त्यांनीच मला उठवलं. मग माझ्या सहीवर त्यांनी का खेळावं?" आणि खाली बघत, "स्वच्छ शर्टवाल्याला शर्ट नाही, हे तुमचंच बोलणं होतं."

ते माझंच होतं. कबूल करायची मला सवय नाही, म्हणून मी शर्ट थंड पाण्यात टाकला, हात पुसले आणि समोर बसले.

"ऐका, जावईबापू. खेळाडू म्हणून तुम्ही दगड आहात. नळवाल्यानं आत्ता हात वर केला, मला तर पहिल्या वर्षीच तुमच्या पाठीवर दिसलं होतं. पण दहा-बारा अडदांड माणसं तुमच्या एका बोटावर इकडून तिकडे जातात, ते मी आज डोळ्यांनी पाहिलं. या घरात माझं इतक्या मुकाट्यानं कुणी ऐकत नाही, आणि माझी जीभ तुम्हाला माहीत आहे. ज्याला पळवता येतं त्यानं स्वतः धावून धापा कशाला टाकायच्या? रुसून सही अडवलीत तर लोक म्हणतील, याला खेळता येत नव्हतं म्हणून यानं खेळच मोडला, आणि त्यांच्यात पहिली मी असेन. तेव्हा कागद इथे आणा, माझ्यासमोर सही करा, आणि उद्या सकाळी तो नळवाल्याच्या हातात तुम्ही स्वतः द्या. मान वर करून."