सातव्या जागेवरची तिवई

मित्रांनो, मी एक जुनी तिवई आहे. तीन पाय, खोलगट बैठक आणि स्वभावाने जराशी जळकी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही मला नावं ठेवणार नाही.

माझा जन्म नायजेरियाच्या ईशान्येकडच्या एका खेड्यात झाला. सुताराने मला चिंचेच्या एका ओंडक्यातून अख्खी कोरून काढली. माझ्या अंगात एकही खिळा नाही. यागानाच्या लग्नात तिच्या वडिलांनी मला तिच्याबरोबर पाठवलं. रोज सकाळी माझ्यावर बसून ती कोसई तळायची, म्हणजे चवळीची भजी. गिऱ्हाइकं तिला मानाने हाज्जा म्हणायची. सांगायची, "हाज्जा, या तिवईवरून उठू नका, नाहीतर चव जाईल." तेव्हा मी फुलून जायचे.

मग रानातली बंडखोर माणसं बंदुका घेऊन आली आणि गाव जळालं. यागानाने दोनच गोष्टी वाचवल्या. मतदार कार्ड कमरेला खोचलं आणि मला डोक्यावर घेतलं. तीन दिवस चालून आम्ही मैदुगुरीला पोचलो. तिथल्या एका शाळेत निर्वासितांची छावणी होती. छावणीत ना चवळी होती, ना तळायला तेल. बसायला प्लास्टिकच्या चटया मिळाल्या. मी कोपऱ्यात पडले आणि माझ्यावर भांडी रचली गेली. त्या चटयांचा मला फार हेवा वाटायचा. पण चटया फाटतात तरी. खरी सवत पुढे आली.

निवडणूक जवळ आली होती. मतदानाला जो जाईल त्याला बघून घेऊ, अशी रानातल्यांनी धमकी दिली होती. त्याच आठवड्यात घानाच्या संसदेचं पत्र आलं. नायजेरियातली निवडणूक शांततेत पार पडावी, असा तिथल्या सगळ्या पक्षांनी मिळून ठराव केला होता. त्यांचे काही खासदार निरीक्षक म्हणून ती बघायलाही येणार होते. आमचे मुखिया बुलामा मोदू यांनी ते पत्र छावणीत मोठ्याने वाचून दाखवलं.

"ठराव झकास आहे," यागाना म्हणाली. "पण रानातल्यांना तो कोण वाचून दाखवणार?"

सगळे हसले. बुलामा हसले नाहीत. "त्यांच्यातल्या एक बाई आपल्याकडे येणार आहेत. त्यांना बसायला काय देणार, ते आधी बोला."

अशी ती आली. लाल मखमलीची, सोनेरी पायांची खुर्ची. एका व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यातून मागून आणलेली. आणि मित्रांनो, माझ्या यागानाने आपल्या ओढणीने तिची धूळ पुसली. माझी धूळ तिने वीस वर्षांत नुसती फुंकर मारून उडवली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आमच्याकडे रांगेत माणसाऐवजी वस्तू ठेवायची रीत आहे. कुणी दगड ठेवतं, कुणी चप्पल, कुणी नमाजाआधी हातपाय धुवायची, वजूची किटली. मालक खुशाल सावलीत बसतो. ज्याची वस्तू त्याची जागा, दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही. मतदानाच्या सकाळी शाळेच्या मैदानावरच्या रांगेत यागानाने मला सातव्या जागेवर ठेवलं, भर उन्हात. खुर्ची मात्र कडुनिंबाखाली होती आणि तिच्यावर घानाच्या खासदारबाई, मॅडम जिफा बसल्या होत्या.

"तुमच्याकडचा टोमॅटोतला जोलोफ भात गिच्च होतो म्हणे," यागानाने त्यांना चिडवलं.

"कोण म्हणतं? नाव सांगा, त्याच्यावरही ठराव करू."

दोघींचं चांगलंच जमलं. मला तेही बघवेना.

दहाच्या सुमाराला, मतदान सुरू होणार तेवढ्यात, दूरवर मोठा आवाज झाला. पाठोपाठ दुसरा झाला. बघता बघता मैदान रिकामं झालं आणि सगळे वर्गखोल्यांत पळाले. बुलामा ओरडले, "अरे खुर्ची घ्या, लोकांची आहे ती." दोघांनी ती उचलून आत नेली. यागाना माझ्या शेजारून धावत गेली, पण तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जळत्या गावातून जिने मला डोक्यावर आणलं, तिने मला उघड्यावर टाकलं आणि परकी खुर्ची मात्र वाचली. तेव्हा मला बॉम्बची भीती वाटली नाही, इतकी मी जळत होते.

आतलं बोलणं खिडकीतून ऐकू येत होतं. मतदान घेणारे साहेब तरुण होते. ते घाईघाईने सामान बांधू लागले.

"रांगच उरली नाही," ते म्हणाले. "मतदान बंद केलं, असं लिहितो."

"रांग आहे की," यागाना म्हणाली. "ती काय बाहेर."

"मावशी, दगडांना मत नसतं."

"मॅडम, तुम्ही तरी सांगा यांना."

"मला हुकूम देता येत नाही," मॅडम जिफा म्हणाल्या. "मी दुसऱ्याच्या घरी आले आहे. जे दिसेल तेवढंच लिहिते. आत्ता मला रांगेत माणूस दिसत नाही."

"मला भीती वाटते," यागाना म्हणाली. "पण गाव गेलं, घर गेलं. खायचं काय, झोपायचं कुठे, सगळं दुसरेच ठरवतात. हे एक कार्ड तेवढं माझं आहे."

आणि ती दार उघडून बाहेर आली. सगळं मैदान रिकामं होतं, पुढच्या सहा जागांवर नुसत्या वस्तू होत्या. तरी ती पुढे गेली नाही. सातव्या जागेवर येऊन माझ्यावर बसली. तिच्या अंगातला थरकाप माझ्या तिन्ही पायांत उतरला. मी त्या दिवशी जमीन घट्ट धरून उभी राहिले.

खिडकीतून मॅडम जिफांचा आवाज आला. "साहेब, रांगेत एक मतदार हजर आहे. मी वहीत लिहिलं आहे."

मग एक जण आपल्या चपलेपाशी येऊन उभा राहिला. एक म्हातारी किटलीपाशी आली. अर्ध्या तासात ज्याला त्याला आपली जागा मिळाली, भांडण झालं नाही. साहेबांनी सामान पुन्हा सोडलं. मुखियाची जागा आपोआप पुढे असते, असं समजून बुलामा पुढे घुसायला लागले.

"बुलामा, तुमची वस्तू म्हणजे ती खुर्ची ना? ती तर रांगेत नाही, आत ठेवली आहे," यागाना म्हणाली. ते निमूट मागे गेले. सातव्या नंबरला माझ्या यागानाने मत दिलं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात मॅडम जिफा होत्या, बुलामा होते आणि ती खुर्ची होती. मी नव्हते. खोटं कशाला बोलू, अजून सलतं.

निघताना मॅडम जिफा माझ्यापाशी थांबल्या. "यागाना, ही तिवई मला द्याल? आमच्या संसदेत ठेवीन." संसदेत! ही गोष्ट त्या मखमलीच्या कानावर जावी, असं मला फार वाटलं.

यागानाने मला उचलून कमरेवर घेतलं. "दुसरं काहीही मागा, मॅडम. चार वर्षांनी पुन्हा रांग लागेल. तेव्हा पळावं लागलं, तर मी परत येईपर्यंत माझी जागा कोण धरणार?"

म्हणून सांगते मित्रांनो, रांगेत कुणाचा दगड किंवा चप्पल दिसली, तर ती बाजूला सारू नका. माणूस भीतीने पळतो, पण त्याने हक्क सोडलेला नसतो. तो परत येईल आणि आधी आपली जागा शोधेल.