वाळूत फिरलेलं एक चाक

मित्रांनो, एखाद्या पिकअपखाली वाकून पाहिलंत, तर मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक तेलकट लोखंडी गोळा दिसेल. तसलाच मी एक जुना डिफरन्शियल.

माझं काम ऐकायला सोपं आहे. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं, आतल्याला कमी. माझ्या पोटातले दाते दोघांना आपापल्या वेगाने फिरू देतात, म्हणून गाडी कुरकुर न करता वळते. पण एक खोड माझ्यात जन्मापासून आहे. एक चाक चिखलात किंवा वाळूत निसटू लागलं, की सगळं फिरणं मी त्या निसटत्या चाकालाच देऊन टाकतो. घट्ट जमिनीवरचं दुसरं चाक मग जागचं हलत नाही.

कारखान्यातून मी आलो तो थेट देवदत्त राणे यांच्या पिकअपमध्ये. बोरिवलीत त्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. ऑर्डरी घ्यायच्या त्यांच्या पत्नीने, सुनंदाताईंनी, आणि सामान चढवायचं-उतरवायचं ताईंच्या धाकट्या भावाने, हर्षदने. बांबू, कनाती, खुर्च्या घेऊन आम्ही मुलुंडला जायचो, घाटकोपरला जायचो. "गोळा बघ कसा शांत आहे, हूं नाही की चूं नाही," असं देवदत्त कौतुकाने म्हणायचे. ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

पुढे मनोरीच्या समुद्राकाठच्या बंगल्यांतून लग्नाच्या ऑर्डरी येऊ लागल्या. मढ-मार्वेच्या बाजूने खाडी ओलांडणाऱ्या बोटीत पिकअप चढत नाही, म्हणून भाईंदर-उत्तनवरून वळसा घालून जावं लागे. एकदा अंधेरीच्या एमआयडीसीतल्या गॅरेजमध्ये गाडी सर्व्हिसिंगला लावली होती. तेव्हा हर्षद म्हणाला, "भावजी, लॉकवाला डिफरन्शियल टाकून घेऊया ना. बटण दाबलं की दोन्ही चाकं एकत्र फिरतात. वाळूत अडकायची भीती नाय."

देवदत्त हसले. "अरे, माझं आयुष्य गेलं स्टेअरिंगवर. गाडी पायाने चालते, बटणाने नाही. त्यापेक्षा पुढे चार लाइट लावू. झकास दिसेल!"

लाइट लागले. मी जागेवरच राहिलो आणि, खरं सांगतो, मला तेव्हा आनंद झाला. तो आनंद आज मला टोचतो.

त्या हिवाळ्यात मनोरीला एका लग्नाचा मंडप होता. हर्षद म्हणत होता, गाडी रस्त्यावर ठेवू, खुर्च्या हातांनी नेऊ. देवदत्तांना घाई होती. त्यांनी पिकअप सरळ किनाऱ्यावर घातली. थोडं पुढे गेल्यावर उजवं चाक वाळूत रुतलं. देवदत्त अॅक्सिलरेटर दाबत राहिले, मी त्या एकाच चाकाला गरगर फिरवत राहिलो, आणि चाक आणखी खोल गेलं. डावं चाक घट्ट वाळूवर नुसतं उभं होतं. समोरून भरती चढत होती.

हर्षदने चाकापुढे एक फळी खुपसली आणि ती नीट बसली का ते बघायला तो गाडीच्या मागे आला. "भावजी, थांबा! मला बाजूला होऊ द्या!" तो ओरडला. इंजिनाच्या आवाजात ते ऐकू गेलं नाही. देवदत्तांना फक्त जवळ येणारं पाणी दिसत होतं. त्यांनी पाय दाबला. होता नव्हता तो वेग मी त्या चाकात ओतला. चाकाने फळी पकडली, खाली ओढली आणि मागे भिरकावली. ती हर्षदच्या गुडघ्यावर बसली.

गावातल्या लोकांनी त्याला दुसऱ्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं. ट्रॅक्टरने मला बाहेर काढलं, तेव्हा माझ्या अंगावर खारं पाणी आलं होतं.

हर्षद दर गणपतीत मंडळाच्या जाखडीत नाचायचा. त्याची गिरकी बघायला शेजारच्या चाळींतून माणसं यायची. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, चालेल, पण गुडघा पूर्ण वाकणार नाही. हे मी नंतर गाडीतच ऐकलं. हॉस्पिटलच्या दारात गाडी लावून देवदत्त स्टेअरिंगवर डोकं टेकून बसले होते. सुनंदाताई येऊन म्हणाल्या, "आत चला. तो तुम्हाला विचारतोय."

"काय तोंड दाखवू गं त्याला?"

"आहे तेच दाखवा. दुसरं आणणार कुठून?"

महिन्याभराने गाडी पुन्हा त्याच गॅरेजमध्ये आली. कुबड्या घेऊन हर्षदही आला होता. देवदत्त गॅरेजवाल्या नंदकिशोरना म्हणाले, "दोन्ही चाकं कायमची जोडून टाका. एक चाक पुन्हा कधी एकटं फिरता कामा नये."

"कायमची कशाला?" हर्षद म्हणाला. "आपण जास्त डांबरी रस्त्यावरच असतो. प्रत्येक वळणावर टायर घासतील. ओल्या रस्त्यावर गाडी सरळ ओढेल. भावजी, हा पार्ट गाडीसाठी घेताय की माझ्या गुडघ्यासाठी?"

देवदत्त म्हणाले, "तूच सांग. मागच्या वेळी तुझं ऐकलं नाही."

नंदकिशोरनी दोन प्रकार दाखवले. एक आपोआप काम करणारा, दुसरा बटणाचा. हर्षद विचार करून म्हणाला, "आपोआपवाला ओल्या रस्त्याला चांगला. पण वाळूत एक चाक पार सुटलं, तर तोसुद्धा हात टेकतो. बटणवालाच घ्या. त्यात आधी गाडी थांबवावी लागते, मग बटण दाबायचं. आपल्याला ते थांबणंच पाहिजे."

देवदत्तांनी मान हलवली. मला खाली उतरवलं. भंगारवाला मागत होता, पण देवदत्तांनी मला नेऊन मंडपाच्या सामानाच्या गोदामात एका कोपऱ्यात ठेवलं. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

गणपतीच्या आधी जाखडीची तालीम याच गोदामात झाली. हर्षद खुर्चीवर बसून ढोलकी वाजवत होता, पाय समोर सरळ ताठ. देवदत्त दाराबाहेर अंधारात उभे होते. हर्षदने वाजवणं थांबवलं. "भावजी, आत या. बाहेर उभं राहून माझा गुडघा वाकणार नाय. झांज घ्या, आमच्यात एक जण कमी आहे."

देवदत्त आत आले. त्यांची झांज सारखी चुकत होती. हर्षद न चिडता पुन्हा पहिल्यापासून ठेका धरत होता.

मित्रांनो, नवा पार्ट छान चालतो म्हणे. मनोरीला गाडी आता अडकत नाही. पण हर्षद आजही गोदामाची पायरी एकेक पाय टाकत चढतो, आणि तो चढेपर्यंत देवदत्त मान वर करत नाहीत. मीही तेच करतो. मला मान नाही एवढंच.

माफी मागायला मला तोंड नाही, म्हणून तुम्हाला विनवतो. पुढेमागे तुम्ही गाडी चालवाल. ती अडली, तर पाय पेडलवरून काढा. खाली उतरा. मागे जो उभा असेल त्याला हाक मारा, आणि तो 'हो' म्हणेपर्यंत थांबा.