सोमेश्वरच्या डोक्याचा मुक्काम

तलवाड्याच्या सोमेश्वरच्या डोक्यात त्याच्याच वाढदिवसाचा फ्लेक्स पडला. चौकात लोखंडी सांगाड्यावर त्याचा दहा फुटी फोटो लागला होता, खाली शुभेच्छुक म्हणून 'समस्त मित्रपरिवार'. मजकूर त्यानंच दिला होता. मिशा नीट आल्यात का ते बघायला तो सकाळी फोटोखाली जाऊन उभा राहिला, तेवढ्यात वावटळ आली आणि बावन्न वर्षांचा सोमेश्वर आपल्याच हसऱ्या तोंडाखाली आडवा झाला.

गॅरेजवाल्या चाँदनं, म्हणजे त्याच्या शाळेपासूनच्या दोस्तानं, त्याला जीपमध्ये घालून संभाजीनगरच्या दवाखान्यात नेलं. मेंदूला सूज होती. सुजेला जागा मिळावी म्हणून डॉक्टरांनी कवटीचं उजव्या बाजूचं तळहाताएवढं हाड काढलं, आणि ते खराब होऊ नये म्हणून त्याच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवून वरून टाके घातले. तीन महिन्यांनी परत जागेवर बसवू, म्हणाले. त्याच्या बायकोनं, रोहिणीनं, हे त्यांना दोनदा सांगायला लावलं. मग हळूच विचारलं, की यांना जेवायला दिलं तर हाडाला काही होणार नाही ना. हाड जठरात नाही, कातडीखाली आहे, असं डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. तरी पहिला महिनाभर तिनं त्याला तिखट काही दिलं नाही.

घरी आला तेव्हा डोक्याच्या उजव्या बाजूला खळगा पडलेला होता. चाँदनं एक हेल्मेट आतून कापून, त्या बाजूला काही टेकणार नाही असं करून दिलं. झोप सोडली तर सोमेश्वर ते कायम घाली. भेटायला येणाऱ्यांना हेल्मेटाकडं बघवत नसे, म्हणून सगळे पोटाकडं बघून बोलत. भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं तर वाकून, आवाज चढवून पोटालाच विचारलं, ओळखलं का मला. वरून 'होय' आलं तेव्हा म्हातारा दचकला.

सोमेश्वरला आधी याचा राग यायचा. पुढं पुढं त्याच्या ध्यानात आलं, की एखादं नाव आठवेनासं झालं की आपलाही हात पोटावरच जातोय.

दुसऱ्या महिन्यात त्याच्या भाचीचं, सायलीचं, कडा गावी लग्न निघालं. मामा म्हणून नवरीच्या पाठीशी त्यालाच उभं राहायचं होतं. डॉक्टरांनी गर्दीत जपून राहायच्या अटीवर परवानगी दिली. सोबत रोहिणी होती, चाँद होता, आणि हेल्मेट होतं.

घोळ फेट्यावरून झाला. नवऱ्याचे वडील अर्जुनराव सरळ स्वभावाचे, पण मानपानाला फार पक्के. मामाला फेटा बांधल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं. रोहिणी म्हणाली, डोक्याला काही आवळायचं नाही. कुणीतरी सुचवलं, हेल्मेटावरून बांधा. ते सोमेश्वरनंच नाकारलं. हेल्मेट चाँदच्या गॅरेजातलं होतं, मान हेल्मेटला जाईल, असं त्याचं म्हणणं. हातावर फेटा ठेवून भागवावं, असं भटजी म्हणाले, तर तसा रिवाज आमच्यात नाही, असं अर्जुनराव म्हणाले. मुहूर्ताला दहा मिनिटं उरली. सायली बोहल्यावर घामेजून उभी होती.

अर्जुनराव पुढं आले. मग त्यांनी सोमेश्वरला विचारलं, "मामा, खरं सांगा. तुमचं डोकं सध्या कुठं हाय?"

सोमेश्वरनं पोटावर हात ठेवला. "थोडं हितं हाय."

"मग आमी तितंच बांधू."

कुणी हसलं नाही. अर्जुनरावांनी स्वतः गुलाबी फेटा त्याच्या पोटाभोवती, टाक्यांना ताण पडणार नाही असा सैल गुंडाळला, वर तुरा काढला, आणि सदऱ्यावरूनच मधोमध कुंकू लावलं. डाग जाणार नाही, हे रोहिणीच्या मनात आलं. मंगलाष्टकं झाली. मामाच्या वाटच्या अक्षता लोकांनी खाली फेट्यावर नेम धरून टाकल्या. पाया पडायला आलेले नवरा-नवरी आशीर्वादासाठी फेट्यासमोर थांबले. अपघातापासून कुणी आपल्याला धड काही मानलेलं नाही, असं सोमेश्वरला वाटत होतं. आता त्याला हुंदका आला आणि तुरा हलू लागला. आसपासच्या बायकांनीही माना डोलावल्या.

तीन महिने भरल्यावर हाड परत जागेवर बसवलं. ऑपरेशन नीट पार पडलं. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर निवांत होते. माणसं हजारो वर्षांपूर्वीसुद्धा कवटी उघडत होती, असं सांगून त्यांनी मोबाइलवर एका जुन्या कवटीचा फोटो दाखवला. गारगोटीच्या धारेनं पाडलेलं भोक होतं, आणि कडा भरून आलेल्या. म्हणजे तो माणूस त्यानंतरही कित्येक वर्षं जगला, डॉक्टर म्हणाले.

सोमेश्वर फोटोकडं बघत राहिला. "आन् त्याचा तुकडा कुठं ठिवलता?"

डॉक्टर हसले. ते कुणालाच माहीत नाही, म्हणाले.

गावात लोक भेटायला आले. डोकं सगळ्यांच्या डोक्यासारखंच गोल दिसत होतं. चहा पिऊन ते लवकर उठले. सोमेश्वरच्या मनातून मात्र तो फोटोतला माणूस जाईना. आठवडाभर तो जेवताना मध्येच थांबायचा. शेवटी एका दुपारी तो गॅरेजात गेला आणि त्यानं चाँदला सगळं सांगितलं. इतकी वर्षं जगला बिचारा, आणि तुकड्याचा पत्ताच नाही.

चाँद एका ट्रॅक्टरखाली पडून काम करत होता. त्यानं पाना थांबवला.

"सोताचं हाड कोन फेकल बे," तो खालून म्हणाला. "ठिवलं आसल घरात कुठंतरी."

हे सोमेश्वरला एकदम पटलं. त्या दिवशी तो पोटभर जेवला.