मेंढ्यांचे अंगरखे

बत्तीस सालच्या जानेवारीत मेंढ्या कातरायचा हुकूम आला, तेव्हा बाबा हसले. त्यांना वाटलं, कुदायबेर थट्टा करतोय.

कुदायबेर आमच्याच कझाक गोतातला, आता सोव्हिएत सरकारसाठी लोकर वसूल करणारा. "हसू नका, तिलेगेनकाका. जिल्ह्याला परवापर्यंत लोकर हवीय."

"अरे गाढवा, या थंडीत मरतील त्या, गाभण आहेत! मार्चात व्यायल्या तर दूध मिळेल, आमचा तान्हा दौलेत जगेल. त्याच्या आईचं आटलंय, दिसत नाही तुला?"

"मला दिसून काय उपयोग?"

तीनशे मेंढ्या सरकारने आधीच नेल्या होत्या. अकरा उरल्या, त्याही कागदावर सरकारच्याच. नाही म्हणणारे शेजारी केव्हाच गाडीत घालून नेले होते. बाबांनी मुकाट्याने कातर घेतली.

मग आईने घर उसवलं. आमचं घर म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर लोकरीचा जाड नमदा. त्यातला अर्धा कापून तिने अकरा अंगरखे शिवले. ते घालून मेंढ्या उभ्या राहिल्या, तशी मी फिसकन हसले. नऊ वर्षांची होते मी.

"हसून घे," बाबा म्हणाले. "आपल्यापेक्षा त्याच ऐटीत आहेत."

घरात वारा घुसायचा. आम्ही दौलेतला मध्ये घेऊन बसायचो. पण मेंढ्या तगल्या, चार दिवस तगल्या.

पाचव्या दिवशी कुदायबेर परत आला. लोकर कमी भरली होती. त्याची नजर मेंढ्यांच्या अंगरख्यांवर गेली.

"काकी, नमदाही लोकरच की."

"माझ्या हातचं खाऊन मोठा झालास रे तू," आई म्हणाली.

"नेलं नाही तर मला नेतील." खाली मान घालून तो आईने घातलेले टाके उसवत होता. मग त्याने घरावरचा उरलेला नमदाही उतरवला. मला त्याचा भयंकर संताप आला.

सकाळी अकराही मेंढ्या गारठून आडव्या पडलेल्या होत्या. बाबांनी एकीचं पोट चिरलं. आत दोन कोकरं होती.

दुपारी कुदायबेर शिपाई घेऊन आला. सरकारी मेंढ्या मारल्या, असा बाबांवर आरोप होता. मांसालाही हात लावायचा नाही, असं त्याने आईला बजावलं. गाडीत चढताना बाबा वळून आईला म्हणाले, "पोराला ऊब दे."

दौलेत सकाळीच गार पडला होता. आई त्याला छातीशी धरून थोपटत राहिली. आम्ही बाबांना सांगितलं नाही.